खजुराची खीर आणि कपाटाचं कुलूप

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली की टाळण्याचीच सवय झाली. घरात बिनसाखरेच्या गोडाचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो, आणि आमच्या वयाच्या माणसांच्या घरात हा विषय सारखाच निघतो. मी आत गेलो की पत्नी तिच्या आईची आठवण सांगते. आमच्या आईला गोडाचा भारी मोह, कपाटाला कुलूप लावलं तेव्हा कुठं तिची शुगर खाली आली, असं ती सांगते आणि ऐकणारे हसतात. मी बाहेर येईपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलेलं असतं.

त्या कुलपाचा आणि त्या शुगरचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हे त्या वेळी एकट्या मला माहीत होतं. आज हे लिहितोय ते आधी पत्नीला वाचायला देणार आहे. तोंडानं सांगणं जमलं नाही, निदान कागदावर तरी सरळ लिहावं.

मी साखर कारखान्यात केमिस्ट होतो. कुठल्या, ते सांगण्यात अर्थ नाही. नगर जिल्ह्यात कुठल्याही रस्त्यानं एसटीत बसा, थोड्या वेळानं एक चिमणी दिसतेच. कारखान्याच्या कॉलनीत आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. पत्नी तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नव्वदीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. हंगामात प्रयोगशाळेत श्वास घ्यायला फुरसत नसे, पण पावसाळ्यात कारखाना बंद, यंत्रं उघडून ठेवलेली आणि प्रयोगशाळेत आम्ही माश्या मारत बसलेलो.

अशाच एका पावसाळ्यात माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना मामी म्हणायचो. पारनेर तालुक्यातल्या कोरडवाहू गावात त्यांचं आयुष्य गेलेलं. पायाला खुरप्याची जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. नगरच्या डॉक्टरांनी तपासून साखरेचा आजार सांगितला. ड्रेसिंगला आणि तपासणीला वारंवार नगरला जायचं तर आमच्याकडून एसटी सोयीची, म्हणून पत्नीनं त्यांना ठेवून घेतलं. मामींना ते रुचलं नव्हतं. लेकीच्या घरी चार दिवस पाहुणी, पाचव्या दिवशी ओझं, असं त्या उघड म्हणायच्या. माझ्यासमोर डोक्यावरचा पदर सारखा करून भिंतीकडेला उभ्या राहायच्या. सासू-जावयाचं बोलणं आमच्यात 'बसा' आणि 'जेवा' यांच्या पलीकडे फारसं जात नाही. आमचंही तेवढंच होतं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात सासूनं जावयाला गोड करून घालायचं असतं. कणकेत पुरण भरून उकडलेले धोंडे, वर तुपाची धार. मामींचा पाय दुखत होता, तरी त्यांनी ते स्वतःच्या हातानं केलं. मला पाटावर बसवून वाढलं आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या. पुरण उत्तम झालं होतं. गोड नेमकं, मीठ नेमकं. मी विचारलं की चव कशी पाहिली. पत्नी आतून म्हणाली, पाहिलीच नाही, बोटसुद्धा चाटलं नाही, हात धुऊन टाकला. मामी म्हणाल्या, वासावरून कळतं.

त्या दिवशी मला भूक लागावी तसं कुतूहल लागलं. माझं पोट साखरेवर चालत होतं. उसाच्या रसातून साखर काढायची सगळी विद्या मला येत होती. पण साखर न घालता पदार्थ गोड कसा करायचा, याचा मी कधी विचारच केला नव्हता. प्रयोगशाळा रिकामी, हात रिकामे. मी दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात शिरलो.

आधी दुकानात मिळणाऱ्या सॅकरीनच्या गोळ्या आणल्या. दुधात एक विरघळवून मामींना दिली. त्यांनी एक घोट घेतला आणि वाटी अलगद खाली ठेवली. नंतर पत्नीला म्हणाल्या की आधी गोड लागतं आणि मागून जीभ कडू होते, जावईबापूंना सांगू नकोस. पत्नीनं लगेच सांगितलं.

मग मी ठरवलं की गोळ्या नकोत. जिन्नसांच्या अंगातच जी गोडी असते, तीच वर आणायची. लाल भोपळा किसून तुपावर मंद आचेवर परतत ठेवला. पाणी आटत जातं तसा तो आपोआप गोड होत जातो आणि कडेनं तांबूस होतो. त्यात वेलदोडा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा कीस घातला की गूळ नसलेला कळतसुद्धा नाही. आजही मी तो करतो. रताळी चुलीच्या राखेत भाजली तर उकडलेल्या रताळ्यांपेक्षा किती तरी गोड लागतात, हे मला तेव्हा नव्यानं कळलं. का लागतात, याचा विचार करत मी एक आख्खी दुपार घालवली. कॉलनीत चूल नव्हती, म्हणून वॉचमनच्या शेकोटीत रताळी पुरून ठेवायचो. साधं म्हशीचं दूध मंद आचेवर अर्धं होईपर्यंत आटवलं, कडेची साय पुन्हा पुन्हा आत मोडली, तर साखरेचा दाणाही न घालता त्याला गोडसर चव येते. घट्ट दही रात्रभर फडक्यात टांगून ठेवलं आणि सकाळी त्यात पिकलेल्या सीताफळाचा गर मिसळला, तर श्रीखंडाची आठवण येणार नाही इतकं चांगलं होतं. प्रत्येक पदार्थ झाला की मी चमच्यानं चाखत उभा राहायचो आणि गोडी कुठून आली याचा माग काढायचो.

पुरुष माणूस गॅसपाशी उभा म्हणून शेजारणींना मोठी मौज. एकीनं खिडकीतून विचारलं, "काय साहेब, यंदा ओव्हरहॉलिंग घरातच काढलंय का?" पत्नी म्हणाली, भांडी घासायला कोण आहे ते विचारा त्यांना.

मामी आधी ओट्यापासून लांब राहायच्या. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहू लागल्या. मग दारात पाट घेऊन बसू लागल्या, दुखरा पाय पुढे पसरून. खाली लागंल, ढवळा, असं सांगायच्या. माझ्या हातातला चमचा बघून एकदा तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांच्याकडे मुसळानं बाजरी कशी कांडतात, दुष्काळाच्या वर्षी गोड म्हणून काय करतात, हुलग्याचं माडगं गुळाशिवाय कसं प्यायचं, हे त्या मला सांगू लागल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी जेवढं बोलल्या नव्हत्या तेवढं त्या पावसाळ्यात बोलल्या. मला ते फार आवडत होतं. पुढच्या सगळ्या प्रकाराची मुळं याच आवडीत आहेत, असं मला वाटतं.

शेवटी आम्ही खजुरावर येऊन थांबलो. बाजरीला पाण्याचा हात लावून मामींनी ती खलबत्त्यात सडली, कोंडा पाखडला आणि भरड काढली. मी ती भरड मऊ शिजवली. खजुराच्या बिया काढून तो कोमट पाण्यात भिजवला, हातानं कुस्करून गाळून घेतला आणि खिरीत घातला. दूध मात्र खीर खाली उतरवल्यावर घालायचं, नाहीतर फाटतं. वर सुंठ, वेलदोडा, थोडं ओलं खोबरं. रंग काकवीसारखा आणि चव अशी की पत्नीनं दुसरी वाटी मागितली. मामींनी मात्र चमचा तोंडाशी धरला आणि थांबल्या.

"साखर न्हाई, गूळ न्हाई," त्या म्हणाल्या. "मंग ह्ये गोड कशानं लागतंय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हणालो, खाऊ नका, उद्या मोजून सांगतो.

आमच्या प्रयोगशाळेत साखर मोजायचं एक यंत्र असतं. पिवळ्या दिव्याचा प्रकाश काचेच्या लांब नळीतल्या द्रावणातून जाऊ देतात. साखर असेल तर तो प्रकाश उजवीकडे वळतो, आणि किती वळला यावरून किती साखर ते कळतं. त्या आकड्याला आम्ही पोल म्हणतो. रस असो, पाक असो, मळी असो, पहिला प्रश्न एकच, पोल किती. मी खीर पातळ केली, गाळली, औषध घालून स्वच्छ करून घेतली आणि नळीत भरली. डोळा लावला. प्रकाश वळला नाही. थोडा हललाच तर डावीकडे.

मी ते पुन्हा करून पाहिलं. तेच. द्रावणात विरघळलेले पदार्थ किती ते दाखवणारं साधन मात्र भरपूर आकडा दाखवत होतं. एवढं काय विरघळलंय मग? मी मनाशी म्हटलं, फळाचा गर असेल, चोथा असेल, काय काय असेल. साखर तर नाही ना! मला इतका आनंद झाला होता की त्याच्या आड येईल असं काही मला दिसतच नव्हतं.

घरी येऊन मी मामींना सांगितलं की यंत्रात साखर दिसत नाही, पोटभर खा. त्यांनी विचारलं, ते यंत्र चुकत नाही का. मी हसून म्हणालो, सगळा कारखाना त्याच्यावर चालतो, मामी.

त्या दिवसापासून मामींना सकाळी एक वाटी आणि संध्याकाळी एक वाटी खीर मिळू लागली. खजूर-तिळाचे लाडूही मी करून ठेवले. गौरी आल्या, गेल्या, नवरात्र बसलं. सणावारी आपण सगळ्यांबरोबर गोड खातोय याचं मामींना अप्रूप होतं. शेजारणींना त्या सांगायच्या की माझा जावई मला मोजून गोड देतो.

पायाची जखम मात्र भरेना. नगरला पत्नीच त्यांना घेऊन जायची. तपासणीत साखर वाढलेली निघाली. पुढच्या खेपेला आणखी वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, आजी, गोड खाताय का? मामी म्हणाल्या, जावयानं केलेली खीर खाते, तिच्यात साखर नाही. पत्नीनंही सांगितलं की माझे मिस्टर कारखान्याच्या प्रयोगशाळेत असतात, मोजून करतात. डॉक्टर म्हणाले, मग दुसरीकडून कुठून तरी खातायत, लक्ष ठेवा.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या. पत्नी शाळेत पोरांची चोरी पकडताना वापरायची त्या आवाजात बोलत होती.

"आई, खरं सांग. खातेस ना गूळ?"

"म्या न्हाई."

"मग साखर काय आभाळातून पडली?"

"तुजी आन हाय, म्या गुळाला हात लावला न्हाई."

"माझी आण घेऊ नकोस बाई, मला अजून जगायचंय."

मामींनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. पदर डोक्यावरून घसरला होता, तो सावरायचंही त्यांना सुचलं नाही.

"जावईबापू, तुमी मोजलंय न्हवं? सांगा हिला."

त्या मला साक्षीला बोलावत होत्या. मी जे खरं समजत होतो ते सांगितलं. हो, मी स्वतः मोजलंय, खिरीत साखर नाही.

पत्नी म्हणाली, बघ. खिरीत नाही, जेवणात नाही, मग उरलं काय?

साक्ष आपल्यावरच उलटल्याचं मामींच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला असावा. त्या उठल्या आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. दुसऱ्या दिवशी पत्नीनं गूळ, साखर आणि डबे ठेवायच्या कपाटाला कुलूप आणलं. किल्ली तिच्या पर्समध्ये, पर्स शाळेत. एवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. ती सगळ्या ओळीतल्या घरांत जाऊन सांगून आली की माझ्या आईला चहासुद्धा देऊ नका, तिला गोड आवरत नाही. तिचंही मी वाईट म्हणत नाही. आईचा पाय कापावा लागेल या भीतीनं ती अर्धी झाली होती.

पुढच्या खेपेला पत्नीच्या शाळेत साहेब तपासणीला येणार होते, म्हणून मामींना घेऊन नगरला मी गेलो. एसटीत त्या माझ्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर बसल्या. दवाखान्यात गर्दी होती. आम्ही कंपाउंडरच्या टेबलापाशी बसलो होतो. त्या काळी बऱ्याच ठिकाणी लघवीची तपासणी परीक्षानळीतच व्हायची. त्यानं नळीत निळं द्रावण ओतलं, मामींचे काही थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी नुसता सवयीनं बघत होतो. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं आणि मग तळाला विटेच्या रंगाचा गाळ बसला. कंपाउंडर म्हणाला, आजी, काय हे.

मी त्या गाळाकडे बघत राहिलो. हा गाळ मी हंगामात रोज पाहत होतो. आमच्याकडे मळीची तपासणी याच जातीच्या निळ्या द्रावणानं होते. मळीत एक साखर अशी असते की ती पोल दाखवत नाही. ती दोन तुकडे झालेली साखर असते. एक तुकडा प्रकाश उजवीकडे वळवतो, दुसरा त्याहून जास्त डावीकडे, आणि यंत्रात बघणाऱ्याला दोन्ही मिळून जवळजवळ काहीच दिसत नाही. तिचा दाणा पडत नाही, ती पोत्यात भरता येत नाही, म्हणून कारखान्याच्या हिशेबी ती साखरच नव्हे. वाया गेलेला माल. आयुष्यभर त्या कारखान्याच्या जिभेनं चाखत आलेल्या माणसाकडूनच अशी चूक होऊ शकते. कुठल्याही गृहिणीनं खजूर गोड आहे एवढंच म्हटलं असतं आणि ती बरोबर ठरली असती.

परतल्यावर मामींना दाराशी सोडून मी घरात न शिरता तडक प्रयोगशाळेत गेलो. मामींसाठी नगरला नेलेल्या डब्यात थोडी खीर उरली होती. गाळून निळ्या द्रावणात टाकली आणि तापवली. उकळी फुटायच्या आतच सगळी नळी लाल झाली. मी दुसरी नळी घेतली, खीर आणखी पातळ केली. तीही लाल. खरं सांगायचं तर त्या क्षणी वाईट वाटण्याआधी मला नवलच वाटलं. इतकी साखर, आणि माझ्या यंत्राला दिसली नाही! कॉलेजात हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. वाईट वाटणं नंतर आलं, नळी धुताना.

त्या संध्याकाळी सांगायचं असं ठरवूनच मी घराकडे निघालो. वाटेत दोन सहकारी भेटले. त्यांच्या बायकांनी ऐकलेली मामींची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. एकजण म्हणाला, साहेब, सासूबाई काय म्हणतात, पोल किती? दोघंही हसले. मीही हसलो. साखर न ओळखणारा साखरेचा केमिस्ट, असं उद्या म्हणतील, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. घरी गेल्यावर मी एवढंच सांगितलं की बॉयलर पेटवायची वेळ आली, हंगामाची तयारी सुरू होतेय, आता खीर करायला सवड मिळणार नाही. लाडूंचा डबा मी नेऊन वॉचमनला दिला. मनाशी म्हणालो, आधी मामींची साखर उतरू दे, मग सांगू.

थोड्याच दिवसांनी मामींचे भाऊ गावाकडून त्यांना भेटायला आले. मी दुपारी जेवायला आलो तेव्हा ते खुर्चीत बसले होते आणि मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. चहाचं पाणी उकळून उकळून काळं झालं होतं. पत्नी शाळेत होती.

"जावईबापू," मामींनी हळूच विचारलं, "किल्ली हाय का तुमच्याकडं?"

भावाला ऐकू गेलं. कसली किल्ली, त्यांनी विचारलं. मामी म्हणाल्या, काही नाही, साखरेचा डबा वर राहिलाय. मी शेजारून वाटीभर साखर मागून आणली. देताना शेजारणीनं मामींच्या दिशेनं एकदा बघितलं. भावानं चहा घेतला. ते निघेपर्यंत मामी त्यांच्याशी पावसाचं, पिकांचं बोलत राहिल्या. मला तिथंच बोलता आलं असतं. माझ्याकडे जे होतं ते एका वाक्याचं होतं. मी जेवायला बसलो.

खीर बंद झाली, तशी मामींची साखर खाली आली. येणारच होती. पुढच्या तपासणीत नळी हिरवट राहिली, त्यानंतर निळीच. जखमेवर खपली धरली. पत्नीनं दवाखान्यातून आल्या आल्या मला सांगितलं, बघा, कुलूप लावलं आणि उतरली. तिच्या चेहऱ्यावर इतकी सुटका होती की मी बरं झालं एवढंच म्हणालो. मामी पलीकडेच बसल्या होत्या. त्यांना आता काही म्हणता येत नव्हतं. त्या बऱ्या झाल्या, हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला होता.

दिवाळीच्या आधी त्या गावी निघून गेल्या. पुन्हा आमच्याकडे मुक्कामाला आल्या नाहीत. आल्या तर दिवसाच्या दिवस यायच्या, आणि पाणी मागतानासुद्धा आवाज देऊन मागायच्या, स्वतः आत जाऊन घ्यायच्या नाहीत. पत्नी म्हणायची, आई अजून रुसलीय. ती माहेरी गेली की मायलेकींचं काहीतरी बिनसायचं आणि ती डोळे लाल करून यायची. मी खीर पुन्हा केली नाही. भोपळा, रताळी, टांगलेलं दही, हे सगळं चालू राहिलं. कॉलनीत कुणी विचारलं की खजूर साखरेच्या आजारात चालतो का, तर मी स्पष्ट सांगायचो की चालत नाही. धडधाकट माणसानं खुशाल खावा, चांगलाच असतो. कुणालाही सांगू शकत होतो, फक्त आमच्या दोन खोल्यांत नाही.

दशक संपत आलं तेव्हा मामींची तब्येत ढासळली. नजर अधू झाली. मग मात्र मी एकदा एकटाच गेलो. पत्नीला सांगितलं की सुप्याला काम आहे. पारनेरच्या एसटीत बसलो आणि काय बोलायचं ते मनात पुन्हा पुन्हा जुळवत गेलो. फाट्यावर उतरून चालत गेलो. मामी अंगणात बाजेवर बसल्या होत्या. आवाजावरून त्यांनी ओळखलं आणि डोक्यावरचा पदर सावरला. सुनेला म्हणाल्या, जावईबापूंना चहा ठेव, साखर नीट घाल.

मी बाजेपाशी खाली जमिनीवर बसलो. त्यांना ते आवडलं नाही, वर बसा म्हणाल्या, पण मी उठलो नाही. मी सुरुवात केली की मामी, त्या वर्षी आपण खीर करायचो ना, त्या खिरीचं एक सांगायचं राहून गेलंय.

"लई ग्वाड हुती," त्या म्हणाल्या. आणि मी पुढे बोलायच्या आत त्यांनीच सांगायला घेतलं. मागच्या महिन्यात लेक आली होती. तिला त्यांनी सांगून टाकलं.

"काय सांगितलं?"

"म्हनले, व्हय बाई, खाल्ला गूळ. चुकले. तवापासनं ती धड बोलती माज्यासंगं. वेनी घातली माजी, तेल लावून."

मला ते माहीत नव्हतं. पत्नी त्या खेपेला हसतमुखानं परत आली होती, एवढंच मी पाहिलं होतं. मी विचारलं, पण मामी, तुम्ही खाल्ला होता का?

त्यांनी मान हलवली.

"तुमी मोजलं हुतं. खिरीत न्हवती. मंग कुटून तरी म्याच खाल्ला असंल, जावईबापू. ध्यानात ऱ्हायलं नसंल."

सून चहा घेऊन आली. कप माझ्या हातात आला. एवढ्या वर्षांनी मायलेकींची गाठ पुन्हा बसली होती आणि ती एका खोट्या कबुलीवर बसली होती. मी आता खरं सांगितलं तर ती सुटेल, असं मी स्वतःला समजावलं. ते खरं होतं की पुन्हा माझा भित्रेपणा, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. चहा संपवला. निघताना त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो तर त्यांनी दोन्ही पाय बाजेवर ओढून घेतले. जावयानं सासूच्या पाया पडायचं नसतं, आमच्यात पडत नाहीत, म्हणाल्या. मी म्हणालो, बरं, येतो. त्या म्हणाल्या, सावकाश जा. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

एसटीत जुळवलेली वाक्यं अवघड नव्हती. ती अशी होती: मामी, तुम्ही गूळ खाल्ला नव्हता. साखर माझ्या खिरीत होती, मला ती दिसली नाही, आणि दिसली तेव्हा मी गप्प बसलो. चोर मी होतो. मला माफ करा.